आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आलाय, म्हणजे संधिवात झालाच का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ताईंचं वय ४४, अडीच महिन्यांपासून दोन्ही हातांची बोटं दुखतात, सकाळी अर्धा तास मूठ नीट वळत नाही, थकवा खूप. लॅबमधलं आर्थ्रायटिस प्रोफाइल नावाचं पॅकेज केलं त्यात आरए फॅक्टर ३४ आला, लॅबची वरची मर्यादा १४. अँटी-सीसीपी ६, मर्यादा २०. ईएसआर ४०, सीआरपी ४.२ मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजे नॉर्मल, हिमोग्लोबिन ९.६, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ७०, प्लेटलेट ४ लाख ६० हजार, एएनए (आपल्याच पेशींविरुद्धची अँटीबॉडी) १:८० पॉझिटिव्ह, एएसओ २८०, युरिक अ‍ॅसिड ५.९. आता ओळखीतल्या कुणीतरी दहा दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या घ्या म्हणून सांगितलंय, आणि धाकट्या भावाचं विचारणं असं की हा आरए, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटून होणारा संधिवात, आहे का, बोटं वाकडी होणार का, आणि गोळ्या सुरू करायच्या का.

आधी सरळ उत्तर देते, मग कारणं. फक्त या कागदांवरून आरए आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. आणि जी गोष्ट ठरवणार आहे ती या रिपोर्टमध्ये कुठेच नाहीये, कारण ती रक्तात नसतेच, ती बोटांच्या सांध्यात असते. खरी सूज आहे की नाही. तुम्ही एवढे सगळे आकडे लिहिलेत पण सुजेबद्दल एक शब्द नाही, आणि मी नेमकी तिथेच अडले. गोळ्यांचं म्हणाल तर सांधे कुणी हाताने तपासून बघेपर्यंत स्टेरॉइड सुरू करू नका, कारण खाली सांगते.

खरी सूज म्हणजे काय ते बघा. सूज आल्यासारखं वाटणं वेगळं आणि सूज असणं वेगळं, सकाळी बोटं जड वाटतात, अंगठी घट्ट होते, हे बऱ्याच बायकांना आरए नसतानाही होतं. ताईंना मूठ वळायला सांगा. बोटांच्या मुळाशी जी हाडं वर येतात त्यांच्यामधल्या खोबणी स्पष्ट दिसतात का, की एक-दोन ठिकाणी त्या भरून गेल्यासारख्या दिसतात? मग बोटांचे मधले सांधे दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून हलकेच दाबा. आरएची सूज मऊ असते, दाबली की दबते आणि दुखते. हाडासारखी टणक गाठ लागली, त्यातही नखाजवळच्या सांध्याला, तर ती बहुतेक वेळा वयाप्रमाणे होणारी झीज असते, आरए नखाजवळचा सांधा सहसा सोडून देतो. नंतर हस्तांदोलन करताना धरतो तसा पंजा आडवा धरून बोटांच्या मुळाशी दाबा, आणि तसंच पायाच्या बोटांच्या मुळाशीही, कारण पायाकडे कुणी बघतच नाही आणि आरएची सुरुवात पुष्कळदा तिथूनच होते. या दाबण्याने कळ आली तर ती नोंद करून ठेवा. घरच्या तपासणीवरून निष्कर्ष काढायचा नाही, पण डॉक्टरांना सांगायला उपयोग होतो. आणि डॉक्टरांनाही हाताला नक्की समजलं नाही तर सोनोग्राफीत सांध्याचं अस्तर सुजलंय का ते दिसतं, अशा काठावरच्या केसमध्ये मी स्वतः ती करून घेते.

सकाळचं आखडणं अर्धा तास म्हणालात, हे पण काठावरच आहे. आरएमध्ये साधारण तासभर किंवा जास्त चालतं, झिजेच्या दुखण्यात पाच-दहा मिनिटांत हात मोकळा होतो. अर्ध्या तासात दोन्ही बसतं. थायरॉइड कमी असेल, डायबेटिस असेल, मनगटात नस दबत असेल तरी सकाळी बोटं आखडतात.

आता आरए फॅक्टर. या टेस्टच्या नावानेच निम्मा घोळ घातलाय, नावात आरए आहे म्हटल्यावर पॉझिटिव्ह आली की आरए, असं कुणालाही वाटणारच. प्रत्यक्षात ही आपल्याच अँटीबॉडीविरुद्ध शरीराने बनवलेली अँटीबॉडी आहे, १९४० साली नॉर्वेच्या एरिक वालर यांनी तिची नोंद केली, म्हणजे टेस्ट जुनी आहे आणि तिच्या खोडी सगळ्यांना माहीत आहेत. आरए असलेल्या शंभर लोकांपैकी साधारण सत्तर जणांत ती पॉझिटिव्ह येते. पण हिपॅटायटिस सी, टीबी, हृदयाच्या झडपेचं इन्फेक्शन, फुप्फुसाचे काही जुनाट आजार, शोग्रेन आणि ल्युपससारखे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याचे आजार यातही येते, आणि काहीही आजार नसलेल्या माणसांतसुद्धा येते, वय वाढेल तसं जास्तच.

याचा हिशोब एकदा मांडून बघा म्हणजे डोक्यात पक्कं बसेल. समजा नुसतं अंग दुखतंय, सांधे दुखतायत अशी तक्रार असलेली १००० माणसं आहेत आणि त्यातल्या २० जणांना खरंच आरए आहे असं धरून चला. त्या २० पैकी १४ जण पॉझिटिव्ह येतील. उरलेल्या ९८० जणांत आरए नाही, पण टेस्ट शंभरात साधारण पंधरा जणांना उगाच पॉझिटिव्ह म्हणते असं धरलं तर तिथून १४७ जण पॉझिटिव्ह. म्हणजे एकूण १६१ लोक हातात पॉझिटिव्ह रिपोर्ट घेऊन घाबरून बसलेत आणि त्यातले खरे १४, शंभरातले नऊसुद्धा नाहीत. आता हीच टेस्ट अशा १००० लोकांवर करा ज्यांच्या बोटांना डॉक्टरांनी खरी सूज बघितलीये आणि त्यातल्या निम्म्यांना आरए आहे असं समजा. मग ३५० खरे आणि ७५ खोटे, म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या शंभरातले ब्याऐंशी खरे. टेस्ट तीच, मशीन तेच, किंमत तीच, फरक फक्त रक्त काढायच्या आधी सांधे कुणी बघितले होते का याचा. म्हणून मला ही पॅकेजं आवडत नाहीत, सांध्याला हात न लावता टेस्ट आधी आणि प्रश्न मागाहून असं उलटं काम होतं.

आकडा किती मोठा आहे त्यालाही महत्त्व आहे. लॅबच्या मर्यादेच्या तिपटीच्या आत असेल तर कमी पॉझिटिव्ह, तिपटीच्या वर गेला तर जास्त पॉझिटिव्ह असं धरतात. ताईंची मर्यादा १४, तिप्पट ४२, आकडा ३४, म्हणजे कमी पॉझिटिव्ह. हाच आकडा २०० असता तर मी हे उत्तर वेगळ्या सुरात लिहिलं असतं. आणि प्रत्येक लॅबचं मशीन आणि मर्यादा वेगळी असते, त्यामुळे या लॅबचे ३४ आणि दुसऱ्या लॅबचे २५ यांची तुलना करून कमी झाला म्हणून खूश व्हायचं नाही, आपापल्या मर्यादेच्या किती पट आहे तेवढंच बघायचं.

अँटी-सीसीपी ही त्यामानाने नवी टेस्ट, २००० च्या आसपासची, आणि जास्त विश्वासाची. काही प्रोटीनमधला आर्जिनिन नावाचा घटक बदलून सिट्रुलीन होतो, आरएमध्ये शरीर अशा बदललेल्या प्रोटीनविरुद्ध अँटीबॉडी बनवतं, ती ही. आरए पकडण्यात ती आरए फॅक्टरएवढीच, शंभरात सदुसष्ट-सत्तर, पण उगाच पॉझिटिव्ह यायचं प्रमाण खूप कमी, शंभरात पाचच्या आसपास. सक्रिय टीबीमध्ये मात्र तीही फसवते हे लक्षात असू द्या. जास्त आकड्याने पॉझिटिव्ह आणि बरोबर खरी सूज असेल तर मी जवळपास शंका ठेवत नाही, आणि अशा पेशंटमध्ये हाडं कुरतडली जायचा धोकाही जास्त असतो म्हणून औषध लवकर आणि नेटाने देते. ही अँटीबॉडी सूज यायच्या काही वर्षं आधीपासूनही रक्तात सापडू शकते. त्यामुळे सांधे साफ आणि अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह असेल तर आजाराची औषधं लगेच चालू करायची नाहीत, लक्ष ठेवायचं आणि सिगरेट असेल तर ती सोडायची, कारण या अँटीबॉडीचं आणि सिगरेटचं नातं चांगलंच पक्कं आहे.

ताईंची ती निगेटिव्ह आहे. याने शक्यता कमी होते, संपत नाही. आरएच्या दर चार-पाच पेशंटमागे एकाच्या दोन्ही टेस्ट निगेटिव्ह असतात. हे लोक सगळ्यात जास्त भरडले जातात, रिपोर्ट निगेटिव्ह आहे म्हणजे तुम्हाला काही नाही असं ऐकत महिनोन्महिने पेनकिलर खातात आणि सूज आपलं काम करत राहते.

ईएसआर ४० बघून घाबरलात असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतंय. ईएसआर म्हणजे उभ्या नळीत रक्त ठेवलं तर तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसतात. शरीरात दाह असला की फायब्रिनोजेनसारखी प्रोटीन वाढतात, पेशी एकमेकींना चिकटून त्यांची थप्पी लागते आणि ती पटकन खाली बसते. पण नळीत पेशीच कमी असतील, म्हणजे अ‍ॅनिमिया असेल, तरी त्या भराभर खाली बसतात, दाह असो वा नसो. वयाप्रमाणेही ईएसआर वाढतो. ढोबळ हिशोब म्हणजे पुरुषांत वय भागिले दोन, बायकांत वयात दहा मिळवून आलेल्या आकड्याला भागिले दोन, म्हणजे ताईंना २७ पर्यंत चालेल. ४० त्याच्या वर आहे हे खरं, पण हिमोग्लोबिन ९.६ आहे ना, मग त्या ४० मधला बराचसा वाटा त्याचाच असू शकतो.

सीआरपी हे दाहात वाढणारं प्रोटीन लिव्हरमध्ये बनतं, अ‍ॅनिमियाचा त्यावर असा परिणाम होत नाही. दाह सुरू झाला की काही तासांत चढतं आणि दाह थांबला की साधारण १९ तासांत निम्मं होतं, म्हणून आज काय चाललंय हे ते ईएसआरपेक्षा लवकर सांगतं. फक्त युनिट बघत जा, काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर देतात आणि काही प्रति डेसीलिटर, दोन्हींत दहा पटींचा फरक आहे आणि लोक दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून सीआरपी दहापट वाढलं म्हणून रात्री फोन करतात. ताईंचं ४.२ नॉर्मल आहे. पण आरए असूनही, सुरुवातीला विशेषतः, सीआरपी आणि ईएसआर दोन्ही नॉर्मल असलेले पुष्कळ पेशंट मी बघते, तेव्हा नुसत्या सीआरपीवर आरएला बाद करता येत नाही.

ईएसआर जास्त आणि सीआरपी नॉर्मल, सोबत आरए फॅक्टर आणि एएनए थोडे पॉझिटिव्ह, भरपूर थकवा, सांधे दुखतात पण सूज दिसत नाही. असं चित्र दिसलं की मी हमखास एक प्रश्न विचारते, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं का, तोंड कोरडं पडतं का, कोरडा घास गिळताना सारखं पाणी प्यावं लागतं का. कारण शोग्रेन नावाचा आजार नेमका असाच दिसतो आणि त्याला आरए समजून बसायची चूक सहज होते. ताईंना विचारून बघा. उत्तर हो असेल तर अँटी-आरओ नावाची टेस्ट आणि रक्तातलं ग्लोब्युलिन बघावं लागेल. नाही असेल तर विषय सोडून द्या.

आता मला या सगळ्या कागदांत सगळ्यात महत्त्वाचं काय वाटलं सांगू का, ज्याबद्दल तुम्ही एकही प्रश्न विचारला नाहीत? साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. हिमोग्लोबिन ९.६, एमसीव्ही ७०, प्लेटलेट जरा जास्त. जुनाट दाहामुळे होणारा अ‍ॅनिमिया असतो, आरएमध्ये तो दिसतोही, पण त्यात एमसीव्ही सहसा नॉर्मल किंवा किंचितच कमी असतो, ७० पर्यंत उतरला की मी आधी लोहाची कमतरता शोधते. प्लेटलेटसुद्धा लोह कमी झालं की वाढतात, त्यामुळे त्या वाढल्यात म्हणजे दाहच आहे असं नाही. फेरिटिन, म्हणजे शरीरात साठलेलं लोह सांगणारी टेस्ट, करून घ्या. ते ३० च्या खाली आलं तर लोह कमी आहे हे जवळपास नक्की, फक्त दाह चालू असेल तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं आणि मग ६०-७० असूनही आत लोह कमीच असू शकतं. फेरिटिन ठणठणीत आलं आणि एमसीव्ही एवढाच खाली राहिला तर थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक, सहसा सौम्य रक्तदोषाची टेस्ट. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, मूळव्याध आहे का, पेनकिलर किती खाल्ल्या, शौचाला काळी होते का हे विचारायला लाजू नका, या वयात उत्तर बहुतेक वेळा पाळीत सापडतं पण दरवेळी नाही. जो थकवा तुम्ही संधिवाताच्या खात्यावर टाकताय तो कदाचित सगळा याच्यामुळे असेल, आणि याचा इलाज त्यामानाने सोपा आहे.

बाकीच्यांवर फार वेळ घालवत नाही. एएनए १:८० हे अगदी धडधाकट शंभर लोकांत तेरा-चौदा जणांना सापडतं, ल्युपसची दुसरी काही लक्षणं नसतील, म्हणजे तोंडात फोड, उन्हाने चेहऱ्यावर लाली, लघवीत प्रोटीन असं काही, तर त्याच्या मागे लागू नका. एएसओ फक्त मागे कधीतरी स्ट्रेप्टोकोकसचं घशाचं इन्फेक्शन होऊन गेलं एवढं सांगतं, चव्वेचाळीस वर्षांच्या बाईच्या बोटदुखीत त्याचा काही संबंध नाही, आणि त्यासाठी कुणी पेनिसिलिनची इंजेक्शनं सुचवली तर नको म्हणा. युरिक अ‍ॅसिड ५.९ ठीक आहे, पाळी चालू असलेल्या बायकांत गाऊट (युरिक अ‍ॅसिडमुळे होणारा संधिवात) तसाही दुर्मिळ.

तुम्ही नेटवरचा पॉइंट्सचा तक्ता भरून ताईंचे ४ पॉइंट झाले असं लिहिलंय, त्याबद्दल. तो २०१० चा अमेरिकन आणि युरोपियन संघटनांनी मिळून केलेला तक्ता, दहापैकी सहा आले की आरए म्हणायचं. आरए फॅक्टर कमी पॉझिटिव्ह त्याचे २, ईएसआर वाढलेला त्याचा १, सहा आठवडे उलटून गेले त्याचा १, बरोबर, चार होतात. पण त्या तक्त्याचं पहिलंच वाक्य लोक वाचत नाहीत. निदान एका सांध्यात डॉक्टरांना खरी सूज दिसली पाहिजे आणि त्या सुजेला दुसरं कारण नसलं पाहिजे, तरच तक्ता उघडायचा. ताईंना कुठेही सूज नसेल तर त्या चार पॉइंटला काही अर्थ नाही, शून्य म्हणा. आणि उद्या बोटांचे एक-दोन लहान सांधे खरंच सुजलेले सापडले तर त्याचे २ मिळून थेट सहा होतात आणि तोच कागद आरए म्हणतो. बघा, रक्ताचा एक आकडाही न बदलता उत्तर या टोकाचं त्या टोकाला गेलं. त्यातही तो ईएसआरचा एक पॉइंट अ‍ॅनिमियाने उसना दिलाय की काय ही शंका मी ठेवणारच. मुळात तो तक्ता संशोधनासाठी पेशंटचे गट करायला बनवलाय, घरी बसून निदान करायला नाही.

स्टेरॉइडबद्दल. दहा दिवस घेतल्या तर ताईंना बरं वाटेल, यात शंका नाही, कुठल्याही दुखण्यात वाटतं. पण सूज असेल तर ती उतरेल, सीआरपी-ईएसआर खाली येतील, आणि मग तपासणाऱ्याला काहीच सापडणार नाही, गोळ्या संपल्या की सगळं परत. तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी विचार करून दिल्या तर जरूर घ्या, स्टेरॉइड वाईट औषध नाही, चुकीच्या वेळी घेतलं की गोंधळ करतं. आधीच चालू केल्या असतील आणि दोन-तीन आठवड्यांच्या वर झालं असेल तर मात्र मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून कमी करत आणायच्या. साध्या पेनकिलरने तपासणीत एवढा फरक पडत नाही, पोट आणि किडनी सांभाळून थोडे दिवस चालेल, पण लोह कमी निघालं तर त्याही जपूनच.

बोटं वाकडी होण्याचं चित्र जे तुम्ही नेटवर बघितलं ते बहुतेक वर्षानुवर्षं औषधाविना किंवा अर्धवट औषधावर राहिलेल्या हातांचं असतं. आजार असेल आणि सुरुवातीच्या तीन महिन्यांत नीट औषध चालू झालं तर बहुतेकांचे हात तसे होत नाहीत. म्हणून सूज वाटत असेल तर पुढच्या महिन्यात बघू असं करू नका, सुजेचे पेशंट सहा आठवड्यांच्या आत सांध्यांच्या तज्ज्ञाकडे, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे पोचावेत असं आम्ही धरतो आणि तुमचे अडीच महिने आधीच गेलेत. सूज वाटत नसली तरी एकदा दाखवाच, पण मग धावपळीची गरज नाही.

जाताना लॅबचे मूळ रिपोर्ट न्या, नुसते फोनमध्ये उतरवलेले आकडे नकोत, कारण मर्यादा आणि युनिट त्यावरच असतात. सूज ज्या दिवशी जास्त वाटते त्या सकाळी हाताचा फोटो काढून ठेवा, अपॉइंटमेंट दुपारची असली की तोवर हात मोकळा झालेला असतो. दुखणं सुरू व्हायच्या आधी ताप येऊन गेला होता का ते आठवा, चिकुनगुनिया किंवा पार्वोव्हायरसनंतर हुबेहूब आरएसारखे सांधे धरतात आणि आरए फॅक्टरही तात्पुरता पॉझिटिव्ह येऊ शकतो. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर सांगा, काही मशिनांवरच्या टेस्ट त्याने चुकतात. नव्याने फेरिटिन, थायरॉइडसाठी टीएसएच, हिपॅटायटिस बी आणि सी, लघवीची साधी तपासणी एवढं पुरे, सोबत दोन्ही हात आणि पायांचा एक्स-रे. आरए फॅक्टर दुसऱ्या लॅबमधून परत करायची मात्र काही गरज नाही, ३४ चे २८ झाले काय आणि ४० झाले काय, त्यावर काहीच ठरत नाही. पुढे आरए निघाला आणि उपचार चालू झाले तरी दर तीन महिन्यांनी आरए फॅक्टर करत बसू नका, तेव्हा आम्ही सुजलेले आणि दुखरे सांधे मोजतो, सीआरपी बघतो आणि औषधाचा त्रास होत नाही ना हे कळायला सीबीसी, लिव्हरच्या टेस्ट आणि किडनीसाठी क्रिएटिनिन करतो.